कोरी माती

"पुन्हा तेच," झाहरिनने कागद टेबलावर सरकवला. "कोऱ्या नमुन्यात धातू. आणि थोडाथोडका नाही."

रोहायाने आकडे वाचले, पण कागदाला हात लावला नाही. समोर कंपनीचे मिस्टर गोह तेह तारिकचा, दुधाळ चहाचा, फेस फुंकत बसले होते.

मलेशियातल्या पेराकच्या टेकड्यांच्या मातीत विजेच्या गाड्यांना लागणारी दुर्मिळ मूलद्रव्यं शोधायची, हा विद्यापीठाचा प्रकल्प रोहाया सांभाळत होती. पैसा गोह यांच्या कंपनीचा, माणसं आणि यंत्रं विद्यापीठाची. तपासणीच्या प्रत्येक खेपेत ती एक पिशवी कोऱ्या मातीची घालायला लावी, म्हणजे जिच्यात काहीच नाही अशा मातीची. तिच्यात शून्य आलं की काम स्वच्छ. धातू दिसला, तर आधीच्या नमुन्याची धूळ दळायच्या चक्कीत राहिली, कुणीतरी हलगर्जीपणा केला, असं समजायचं.

कोरी माती रोहायाने स्वतः आणली होती, तांदळाच्या एका निळ्या पोत्यात भरून. भूगर्भाच्या नकाशावर त्या जागी काहीही दाखवलेलं नव्हतं. तरीही अशी माती वापरण्याआधी एकदा तपासून घ्यायची असते. तिने ती तपासली नव्हती, आणि हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"हे आमच्या संचालकांना दाखवू कसं?" गोह म्हणाले. "कोऱ्यात घाण, म्हणजे बाकीच्यातही घाण."

"घाण नाहीये," झाहरिन म्हणाला. "चक्की मी स्वतः धुतो. नुसती काच दळून पाहिली, शून्य आलं. मला विचाराल तर ती मातीच कोरी नाही."

गोह मोठ्याने हसले. "वा! मग तिथे उद्याच भोकं पाडू की! कुठली हो ही माती, डॉक्टर?"

रोहायाचा फोन थरथरला. पडद्यावर 'माक' असं नाव आलं. आईचा फोन तिने उपडा ठेवला.

"नदीकाठची," ती म्हणाली. "निव्वळ गाळ. तिच्यात काही असणं शक्यच नाही."

झाहरिन तिच्याकडे बघत राहिला. तो तिचा विद्यार्थी होता. तिनेच त्याला प्रयोगशाळेवर नेमलं होतं, या वर्षी कायम करते असा शब्दही दिला होता. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता.

"मग चूक प्रयोगशाळेची," गोह म्हणाले. "मला भांडण नको. पुढच्या टप्प्याला नवा माणूस द्या, आम्ही सह्या करतो."

झाहरिनने तोंड उघडलं, पण तो आधी रोहायाच्या बोलण्याची वाट बघत होता.

"देते," रोहाया म्हणाली.

दुपारी गोह तिला टेकडी दाखवायला घेऊन गेले. प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात तिच्याच चमूने शोधलेली टेकडी. उतारावर हात-हात अंतरावर भोकं होती, आणि प्रत्येकात एक नळी खारवलेलं पाणी सोडत होती. ते पाणी मातीतला धातू सोडवून खाली हौदात आणायचं. पायथ्याचा ओढा दुधासारखा झाला होता. फळझाडं उभ्या जागी वाळली होती.

"गावकरी?" तिने विचारलं.

"सिमेंटची घरं दिलीत. पंख्यासकट."

"आणि बागा?"

"डॉक्टर, तुम्ही शोधायचं काम करा. बागांचं आम्ही बघतो."

परत आली तेव्हा झाहरिन खोकं भरत होता. एक कप, टॉवेल, बाळाच्या सोनोग्राफीचा फोटो. तिला पाहून त्याने टॉवेल फोटोवर टाकला.

"घरी काय सांगितलंस?"

"सांगितलं, चक्की धुता येत नाही म्हणून हाकललं. बायको म्हणाली, बरं झालं, आता घरची भांडी घासून हात बसव." तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "काक, एक विचारू?"

तो तिला काक म्हणे, थोरली बहीण म्हणून. आज तरी त्याने डॉक्टर म्हणावं, असं तिला वाटलं.

"विचार."

"तुम्हालाही वाटतं, माझी चूक आहे?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं.

"आकडे तसं म्हणतायत," ती म्हणाली.

त्याने कोपऱ्यातलं निळं पोतं उचलून तिच्यापुढे ठेवलं. अर्धं अजून शिल्लक होतं. "मग एवढं करा. ही माती एकदा बाहेर तपासायला पाठवा. नोकरीसाठी नाही म्हणत. मला नुसतं कळू दे, मी धुतलं होतं की नव्हतं."

"पाठवते."

"नक्की?"

"म्हटलं ना, पाठवते."

पोतं त्यानेच तिच्या गाडीत चढवलं. डिकीचं झाकण लावताना म्हणाला, "यंदा तुमच्या घरच्या बागेतले दुरियन राहिलेच खायचे. बायकोला डोहाळे त्याचेच लागलेत."

"देईन," ती म्हणाली, आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने लवकरच गाडी काढली. बाहेरच्या प्रयोगशाळेचा फाटा आला तेव्हा तिने वेग कमी केला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. ती सरळ पुढे गेली. चढावर पोतं डिकीत घसरलं आणि आपटलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात बसून दुरियन फोडत होती. रोहायाने पोतं ओढत घरामागे नेलं. सगळ्यात जुन्या दुरियनच्या बुंध्याशी तिनेच खणलेला खड्डा अजून तसाच होता. तिने पोतं त्यात रितं केलं आणि वरून पायाने माती दाबली.

"अगं, एवढी लांब नेलीस आणि परत आणलीस?" आईने विचारलं. "निघालं का काही आपल्या मातीत?"

रोहायाने हात झटकले.

"नाही, माक. काहीच नाही."