सराव-घर

आयोवातल्या त्या कॉलेजात गृहविज्ञानाच्या गुणवंत मुलींचं एक मानाचं मंडळ होतं. तिथे कुणाला घ्यायचं ते ओस्टरगार्डबाई ठरवत.

"मार्क झकास आहेत गं लोर्ना, पण तू दुसऱ्या कॉलेजातून आलीस. आमच्या सराव-घरात राहून, अनाथाश्रमातून आणलेल्या बाळाची आळीपाळीने आई झाल्याशिवाय मंडळात कुणी येत नाही."

"सराव-घरात राहिलेय की मी, बाई. चांगली दोन वर्षं!"

"काहीतरीच! कधी?"

लोर्नाने भिंतीवरच्या जुन्या फोटोवर बोट ठेवलं. मंडळाच्या मुली रांगेत हसत होत्या, मधलीच्या मांडीवर एक गुटगुटीत बाळ होतं.

"ही मी. दर दीड महिन्याला माझी आई बदलायची. माझं वजन वाढलं की तुम्ही तिला मार्क द्यायचात. या सगळ्यांना मंडळात मीच तर आणलंय, बाई."