पांढऱ्या विमानाची काठी

लाल विमानाची काठी खिळ्यावर नव्हती. मेकॅनिकनं टॉर्च फिरवून फळी पाहिली, फरशी पाहिली, आणि मग त्याचा हात स्वतःच्याच मांडीवरच्या लांब खिशाकडे गेला. काठी तिथंच होती. शेजारच्या खिळ्यावर पांढऱ्या विमानाची काठी मात्र जिथल्या तिथं लटकत होती, कोरडी ठणठणीत.

म्हणजे संध्याकाळी पांढऱ्याच्या टाकीतलं पेट्रोल त्यानं लालच्या काठीनं मोजलं होतं.

लालची टाकी रुंद, पांढऱ्याची अरुंद. लालच्या काठीवर जी ओल ऐंशी लिटर दाखवते, ती पांढऱ्यात जेमतेम पन्नास भरते. विमानातल्या काट्याला कुणी विचारत नसे. टाकी भरलेली असो की रिकामी, तो महाराजासारखा अर्ध्यावर बसलेला असायचा. सगळा भरवसा काठीवर आणि काठी धरणाऱ्यावर. खरं तर वैमानिकानं निघण्याआधी स्वतः टाकीत वाकून बघायचं, असा नियम होता. पण पांढरं विमान त्याची थोरली बहीण चालवायची. भावानं बघितलंय म्हणजे झालं, असं म्हणून ती टपालाच्या पिशव्या घेऊन खुशाल निघून गेली होती.

आता ती परत आली होती. अंधारात डोक्यावर तिच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. पहिल्यांदा उतरायला आली तेव्हा धावपट्टीवर नेमकी कुत्री निघाली, म्हणून टॉवरवाल्यानं तिला वरच्या वर घिरट्या घालायला सांगितलं होतं. जीप कुत्र्यांच्या मागं लागली होती, थोड्या वेळानं कुत्रीच जीपच्या मागं लागली, आणि टॉवरवाल्याला त्याची मोठी मौज वाटत होती.

मेकॅनिक धूम पळाला. टॉवरच्या पायऱ्या त्यानं तीन-तीन करत ओलांडल्या. वर कोपऱ्यातल्या खुर्चीत कंपनीचे साहेब बसले होते. त्यांच्यादेखत तोंड उघडणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. त्यानं टॉवरवाल्याच्या हातातला माइक हिसकावून घेतला.

"ताई, पेट्रोल संपलंय. चुकीच्या काठीनं मोजलं मी. फिरू नकोस, आहेस तिथून सरळ खाली ये."

साहेब ताडकन उभे राहिले.

"किती मिनिटं?" बहिणीनं विचारलं. भाजी किती उरलीय असं विचारावं, तसा आवाज.

"तीन. कमीच धर."

"आणि कुत्री?"

"मरू देत कुत्री. तू ये."

दोन दिवे वळले. धावपट्टीच्या रोखानं यायला लागले. मेकॅनिक काचेला नाक लावून उभा होता आणि त्याचे ओठ आपोआप हलत होते. ये, ये, अजून थोडं. तेवढ्यात घरघर खोकली, पुन्हा सुरू झाली आणि बंदच पडली.

इतकी शांतता त्यानं या मैदानावर कधी ऐकली नव्हती. दिवे मात्र येतच होते, पण खाली, फारच खाली. कुंपणापर्यंत पोचायलाही उंची पुरणार नाही, हे त्याला दिसत होतं. कुंपणाबाहेरच्या नांगरलेल्या शेतात ते टेकले, उसळले, पुन्हा टेकले. कुंपणाच्या तारा ताडताड तुटल्या. एक चाक सुटून एकटंच धावपट्टीवर गडगडत गेलं, आणि इतका वेळ जीपला न जुमानणारी कुत्री शेपट्या घालून पसार झाली. विमान एका पंखावर भिंगरीसारखं गर्रकन फिरलं आणि कुंपणालगत शेतातच वाकडं होऊन थांबलं.

मेकॅनिक खाली कसा उतरला, कुंपण कुठून ओलांडलं, त्याला काही कळलं नाही. आग लागेल, आग लागेल, एवढंच डोक्यात. पण आग लागायला टाकीत काही असावं लागतं. तिथवर पोचला तेव्हा दार लाथेनं उघडत होतं, आणि आतून आधी टपालाची एक पिशवी बाहेर आली, मग दुसरी, मग बहीण. गुडघ्यापर्यंत मातीत माखलेली, कपाळावर टेंगूळ, पण धडधाकट.

"ताई, माझ्यामुळं..."

"वाकून बघायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "आणि तू लपवत बसला नाहीस, वेळेवर सांगितलंस. अजून एक घिरटी घातली असती ना, तर त्या पलीकडच्या घरांवर आले असते."

त्याचे दातावर दात आपटत होते. तो ढेकळांत मटकन बसला. बहिणीनं अंगातलं जाकीट काढून त्याच्या खांद्यांवर घातलं, बाटली त्याच्या तोंडाला लावली, आणि निम्मं पाणी त्याच्या हनुवटीवरून गळ्यात गेलं.

टॉवरवाल्यानं बोलावलेले डॉक्टर बॅग सावरत, धापा टाकत शेतातून आले. त्यांनी टॉर्च मोडलेल्या पंखावर मारला, मग या दोघांवर.

"विमानात कोण होतं?"

"ते राहू द्या," बहीण म्हणाली. "आधी याला बघा."