बाहेरचा थर

रिपोर्टातलं शेवटच्या औषधाचं नाव नम्रताने दोनदा वाचलं. कोलिस्टिन. त्यापुढेही तेच: जंतू दाद देत नाहीत.

"याच्यापुढचं आमच्याकडे काही नाही," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तिच्या बाबांच्या, देवरामच्या, एका पोटरीला पट्टी होती. कापणीत विळा लागला होता, आणि जखमेतलं विष अंगभर पसरलं होतं. गिरजा दुसऱ्या पायाचा तळवा चोळत बसली होती.

"काय म्हनला गो डॉक्टर?"

"औषध लागू पडत नाही, आई."

"का नाय पडत? तू तेच शिकलीस ना पाच वर्सं?"

तेच शिकली होती. जंतूच्या आवरणात कोणता मेद कुठे असतो, यावर तिचा जाडजूड प्रबंध होता. आता तिला चार वाक्यं जुळवायला वेळ लागला.

"जंतूच्या अंगावर मेदाचे थर असतात. आतला वेगळा, बाहेरचा वेगळा. हे औषध बाहेरच्याला चिकटतं, मग भोक पाडतं. बाबांच्या जंतूंनी बाहेरचा थरच बदललाय. औषधाला धरायला काही राहिलं नाही."

गिरजाचा हात थांबला.

"ह्ये कुनी शिकवलं त्यांना?"

नम्रताने रिपोर्टाची घडी घातली.

बाबा अकरा वर्षं मुरबाडकडच्या एका पोल्ट्रीत होते. रोज सकाळी पिल्लांच्या पाण्यात चमचाभर पांढरी भुकटी टाकायची, कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. पिल्लं भराभर वाढत. कुठे खरचटलं तर चिमूटभर स्वतःलाही लावत. पुढे त्या भुकटीवर बंदी आली. रिकाम्या बरण्या सापगावच्या घरी आल्या. एकीत मीठ, एकीत वाल.

"दोन चमचे पेज तरी देऊ," गिरजा म्हणाली. "उपाशी नको जायाला त्यांनी."

तिने पिशवीतून पेजेची पांढरी बरणी काढून खाटेशेजारच्या कपाटावर ठेवली.

"झाकन घट्ट हाय हिचं. एवढ्या लांबून आनली, थेंब सांडला नाय बघ."

बरणीवरचा कागद अर्धा झिजला होता. इंग्रजी अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. रिपोर्टातलंच नाव. गिरजाला इंग्रजी येत नव्हतं.

नम्रताने बरणी हळूच फिरवली, नाव भिंतीकडे केलं, आणि ओढणीच्या टोकाने चमचा पुसायला घेतला.