मागणीपत्र

भालचंद्र उपळेकर कृत्रिम हृदयाच्या तपासणीला गेले, तेव्हा कंपनीच्या रुबिनाने त्यांच्यापुढे कागद ठेवला.

"काका, दोन महासत्तांच्या व्यापारयुद्धात आपल्या सरकारनं आमच्या कंपनीच्या देशाची बाजू घ्यावी, असं मागणीपत्र आहे. सही नाही केली, तर उद्या हृदय बंद करतील."

त्यांनी सही केली.

घरी त्यांची पत्नी हेमलता तसाच कागद घेऊन बसली होती. तिचं कृत्रिम यकृत दुसऱ्या महासत्तेतल्या कंपनीचं होतं; सही नाही केली, तर तेही उद्या बंद होणार होतं.

"सरकारनं माझ्या कंपनीचं ऐकलं, तर तुमची कंपनी तुमचं हृदय बंद करून इथून जाईल," ती म्हणाली. "तुमच्याकडेही सही मागितली?"

"मागितली."

"केलीत?"

उपळेकर चपला काढायला वाकले. "नाही."

"मग मीही नाही करत," म्हणत तिनं कागद फाडला.

तिला अडवायचं धैर्य उपळेकरांना झालं नाही.