ताठ मान

एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी आज पाठच्या भावालाच यंत्रासमोर बसवलं होतं. सायकलवरून पडल्यापासून त्याची मान धरली होती. मणके हलताना कसे दिसतात ते पाहून ऑपरेशनचं ठरणार होतं, म्हणून डॉक्टरही ताईंच्या शेजारी येऊन उभे होते.

"मान हळूहळू खाली घाल," काचेआडून ताई माइकवर म्हणाल्या. पडद्यावर मणके एकामागून एक अलगद झुकले. ताईंचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास! छान हलतेय की रे."

"कसली हलतेय, ताई? तसूभरही वाकत नाहीये गं."

ताईंनी काचेतून पाहिलं. भाऊ ताठच्या ताठ बसला होता. पडद्यावरची मान मात्र आता सावकाश वर होत होती. जुनं चित्रण तर लागलं नाही ना? त्यांनी तपासलं. चित्र आत्ताचंच होतं.

ताईंची मती गुंग झाली. शिशाचा एप्रन चढवून त्या आत गेल्या आणि त्यांनी भावाची मान दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती लाकडासारखी कडक लागली.

"डॉक्टर, आता तरी थांबली ना?"

काचेपलीकडे डॉक्टर पडद्याजवळ वाकले.

"हलतेय," ते माइकवर म्हणाले. "पण ताई, पडद्यावर तुमचे हात दिसत नाहीयेत."