काकूंना जाऊ द्या

"काका, डोकं हलवू नका," विमानतळावरच्या निर्यात-नियंत्रण खिडकीतली मुलगी म्हणाली आणि गवाणकरांच्या डोक्यातलं रॉकेटच्या झडपेचं सगळं ज्ञान तिने अकरा मिनिटांत उतरवून घेतलं. कायदाच तसा होता. बंदी असलेलं तंत्रज्ञान देशाबाहेर न्यायचं नाही, मग ते पेटीत असो की डोक्यात. परत आल्यावर पावती दाखवली की ज्ञान परत.

"आणि काकूंचं?" तिने साहेबांना विचारलं.

"फॉर्मवर गृहिणी लिहिलंय ना? काकूंना जाऊ द्या," साहेब मान वर न करता म्हणाले.

लेकीच्या बाळंतपणाला निघालेले गवाणकर विमानात सुतकी चेहऱ्याने बसले होते.

"अगं, चौतीस वर्षं मी नोकरीत नक्की काय केलं?" त्यांनी रडवेल्या आवाजात बायकोला विचारलं. "एवढंच आठवतंय की रोज जेवताना मी तुला काहीतरी सांगायचो आणि तू नुसतं 'मग?' म्हणायचीस."

सुनीतीबाईंनी डब्यातला धपाटा त्यांच्या हातावर ठेवला.

"झडप करायचात. पहिल्या चार तडकल्या, कारण तुमचे ते कुलकर्णी भट्टी घाईने उघडायचे. पाचवी तुम्ही अठरा तास आतच ठेवलीत. ती टिकली, त्या दिवशी जिलबी आणलीत. धातूंचं प्रमाणही सांगते, आधी खा."

गवाणकरांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. देशाची हद्द केव्हाच मागे पडली होती. ते बायकोच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"मग?"