मधली सुट्टी

शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून मामा उठला. भिंगरी त्याच्या मागोमाग निघाली. दाराशी वळून "येते, बाई" म्हणाली, रोज शाळा सुटताना म्हणायची तसंच. मोठ्या बाईंच्या तोंडून "ये" काही निघालं नाही.

मामाने सगळं सांगितलं होतं. बहीण महिनाभर अंथरुणाला खिळलेली. नवरा बोटीवर, लांब. कुणाला काही सांगायचं नाही, असं तिनेच पोरीला बजावलेलं. "डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती. घरात ही एकटी. तिसरीतल्या पोरीने करून करून काय करायचं, बाई?"

तो गेल्यावर, मधल्या सुट्टीत, मोठ्या बाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. कितीतरी दिवसांनी सगळे एका खोलीत आले होते. खुर्च्या होत्या, पण कुणी बसेना.

"कुणाच्याच काही लक्षात आलं नाही?"

तिसरीच्या बाई आधी बोलल्या. "पहिल्या तासाला पेंगायची. मला वाटलं, रात्री टीव्ही बघत बसत असेल. उभं केलं मी तिला. सगळ्यांसमोर."

गणिताच्या सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "पाव शिकवत होतो. उदाहरण विचारलं, तर म्हणाली, अर्ध्या गोळीचे दोन तुकडे केले की पाव गोळी. मला कौतुक वाटलं. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या."

फाटकावर खेळाच्या सरांची ड्यूटी असे. "मधल्या सुट्टीत डबा घेऊन पळत घरी जायची आणि घंटेच्या आत पळत परत. एक दिवस चुकवला नाही. पोरीचा दम बघून मी शर्यतीत नाव घातलं तिचं." ते थांबले. "भिंगरी हे नाव माझंच."

जेवण वाढणाऱ्या मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मला म्हणायची, मावशी, मऊ मऊ असेल ते वाढा. मी म्हटलं, दात पडतायत वाटतं पोरीचे."

चौघांचं बोलणं शेजारी शेजारी ठेवलं, तर शेंबड्या पोरालाही सगळं कळलं असतं. मोठ्या बाई टेबलाशी आल्या.

"मला नाही, तर निदान एकमेकांना तरी सांगायचंत."

तिसरीच्या बाईंनी मान वर केली. आवाजात राग नव्हता. "कधी सांगणार, बाई? पूर्वी मधल्या सुट्टीत एकत्र बसायचो. तेव्हा पोरांशिवाय दुसरा विषय नसायचा आम्हाला."

ते बसणं मोठ्या बाईंनीच बंद केलं होतं. नव्याने आल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतून हसणं ऐकू येई, टेबलावर न तपासलेल्या वह्या पडलेल्या असत आणि मैदानात कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटलेला असे. त्यांनी प्रत्येकाला जागा नेमून दिली. कुणी फाटकावर, कुणी जिन्यात, कुणी वह्या तपासायला. कुणी हूं की चूं केलं नाही. वह्या वेळेवर तपासून होऊ लागल्या, गुडघे फुटायचे थांबले. "शाळा कशी घड्याळासारखी चालते!" असं तपासणीला आलेले साहेब म्हणाले, तेव्हा बाईंना मूठभर मांस चढलं होतं.

आता त्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या. 'चुकलं माझं' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते कसे म्हणायचे, कुणाकडे बघून म्हणायचे, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली.

सरांनी चष्मा चढवला. तिसरीच्या बाईंनी डोळे पुसले, डस्टर उचललं. एकामागून एक सगळे बाहेर पडले. मोठ्या बाई दारापर्यंत आल्या. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक वर्गातून शिकवण्याचा आवाज येत होता.

त्या दिवशीही कुणाला वर्गावर जायला क्षणभर उशीर झाला नाही.